*अभ्यासपाठ : पोटात गेलं ते अंगी लागतं का?*

उधना, लिंबायत, पांडेसरा भागातले आपले बरेच साधक गुडघेदुखीसाठी हळदीच्या कॅप्सूल घेतात. ‘आयुर्वेदिक आहे, कितीही घेतलं तरी चालतं’ असं आपण सहज म्हणून जातो. म्हणून आजचा पाठ याच विषयावर.

*१) मोजतात कसं?*
औषध दिल्यावर पाव तास, अर्धा तास, एक तास असं ठरावीक वेळाने रक्त घेतात. त्यात औषध किती चढलं आणि किती वेळात उतरलं, याचा आलेख काढतात. शरीराने बाहेर किती टाकलं हे कळायला लघवी आणि शौचही तपासतात.

*२) हळदीचं काय दिसलं?*
हळदीत कर्क्युमिन असतं, वजनाच्या साधारण ३ टक्के. १९७८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी उंदरांना कर्क्युमिन दिलं, तर सुमारे ७५ टक्के शौचावाटे बाहेर पडलं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही! सोबत मिऱ्यातलं पायपरिन फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा प्रमाण सुमारे २० पट वाढलं.

*३) असं का होतं?*
आतड्याची भिंत आणि यकृत कर्क्युमिनचं रूप बदलून त्याला बाहेरची वाट दाखवतात. पायपरिन हे काम मंदावतं. याच गुणाचा उपयोग करून अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेसोबत टीबीची गोळी काढली. १० मिलिग्रॅम पायपरिन घातल्यावर रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरलं. आपल्या त्रिकटूत सुंठीसोबत मिरे-पिंपळी असतात, त्या दोन्हींत पायपरिन आहेच.

*४) सावध कुठे राहायचं?*
पायपरिन फक्त हळदीलाच आत सोडतं असं नाही. फिट्सची फेनिटॉइन, दम्याची थिओफायलिन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल ही औषधंही त्याच्यामुळे रक्तात वाढल्याचं चाचण्यांत दिसलंय. म्हणजे गोळी तीच, पण अंगात डोस जास्त. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या.

*५) आपण काय करायचं?*
▪️ भाजी-वरणातली हळद, मिरी बिनधास्त खा.
▪️ कॅप्सूलच्या डबीवर ‘पायपरिन’ लिहिलंय का, बघा.
▪️ बीपी, फिट्स, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डबी डॉक्टरांना दाखवूनच कॅप्सूल घ्या. डॉक्टरांची गोळी मनाने बंद करू नका.
▪️ डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं दिसलं तर कॅप्सूल थांबवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शरीर ही साधनेची पहिली पायरी. श्रद्धा गुरुचरणी ठेवूया, औषध मात्र तपासूनच घेऊया. घरात वडीलधारे असतील त्यांना हा पाठ वाचून दाखवा.

🙏 जय गुरुदेव 🙏