ताडोबाचे वन : पाहणे आणि राखणे

आमच्या विद्यालयाच्या नववीच्या वर्गाची अभ्यास-सहल यंदा चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात गेली होती. पहाटे मोहर्ली प्रवेशद्वारातून आम्ही आत गेलो. साग आणि बांबूच्या त्या वनात चितळांचे कळप दिसले, रानगवे दिसले, तलावाकाठी ऊन खात पडलेली मगर दिसली. वाघ मात्र दिसला नाही. परतताना एक विद्यार्थी हिरमुसून म्हणाला, "इतक्या लांब येऊन काहीच पाहिले नाही." त्यावर वनालगतच्या गावातून आलेली आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "आमच्या गावात वाघ दिसला नाही म्हणजे त्या रात्री आई निवांत झोपते." ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. दोहोंचा एकत्र विचार केल्यावाचून राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय, हे समजत नाही, असे आम्हांस वाटते.

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर ते घोषित झाले. लगतचे अंधारी अभयारण्य १९८६ साली अस्तित्वात आले आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र २०१० साली निश्चित करण्यात आले. ताडोबा हे नाव तारू या गोंड वीराच्या नावावरून आले, असे सांगतात. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले, अशी लोककथा आहे. तलावाकाठी त्याचे देवस्थान असून पौष महिन्यात तेथे आदिवासी बांधव जमतात. वाघ आणि माणूस यांचा येथील संबंध असा फार जुना आहे.

या वनाचे रक्षण प्रथम कायद्याने होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानात शिकार तर नाहीच, गुरे चारण्यासही परवानगी नाही. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानाचे नियम त्याहून कडक आहेत. पर्यटकालाही परवान्याशिवाय आत जाता येत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येतो. म्हणजे आम्ही जे पाहिले ते वनाचे अंगण होते. उरलेले घर वन्यजीवांसाठी राखून ठेवलेले आहे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते.

परंतु कायदा स्वतः वनात फिरत नाही. फिरतो तो वनरक्षक. वनाचे परिक्षेत्र, वर्तुळ आणि नियतक्षेत्र असे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक नियतक्षेत्र एका वनरक्षकाच्या स्वाधीन असते. रोजची पायी गस्त, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, वणवा विझविणे, पाणवठ्यांवर लक्ष ठेवणे, फासे शोधून काढणे ही त्याची कामे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असतात. म्हणून स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून वाघांची मोजदाद होते. दर चार वर्षांनी देशभर असा अंदाज घेतला जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये या मोजणीसाठी पायी सर्वेक्षण करीत असताना याच वनात एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघांची वाढलेली संख्या वाचताना या मृत्यूचेही स्मरण असावे.

दुसरी किंमत गावांनी मोजली आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे गाभा क्षेत्रातून बाहेर वसविण्यात आली. आज पर्यटक जामणीच्या कुरणात चितळे पाहून हरखून जातात. तेथे एके काळी घरे होती, शेते होती. बफरमधील गावे तर अजूनही वाघाच्या शेजारीच राहतात. मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याच्या दिवसांत पहाटेच वनात जावे लागते आणि तेव्हाच धोका अधिक असतो. हानी झाल्यास शासन भरपाई देते. गावातील तरुण-तरुणींना मार्गदर्शक म्हणून, वाहनचालक म्हणून काम मिळते, हेही खरे. तरीही गेलेला माणूस भरपाईने परत येत नाही. म्हणून वनाचे उत्पन्न आधी या गावांपर्यंत पोहोचणे हा न्यायाचा प्रश्न आहे, उपकाराचा नव्हे.

संरक्षणाची ही कल्पना आपल्या भूमीला परकी नाही. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आणि विनाकारण वने जाळू नयेत, असेही बजावले. याच चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे सापडलेल्या प्राचीन ब्राह्मी शिलालेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. आज्ञा तेव्हाही होती; ती पाळणारी माणसे तेव्हाही लागत होती आणि आजही लागतात.

आमचे माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी नोकरी-व्यवसायात आहेत. ते आपल्या मुलाबाळांना घेऊन ताडोबास जातील, तेव्हा त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. वाहनातून खाली उतरू नये, मोठ्याने बोलू नये, वाघाच्या जवळ गाडी नेण्याचा आग्रह चालकास करू नये. अशा आग्रहानेच नियम मोडले जातात आणि त्याचा दंड मात्र गावच्या गरीब चालकाला भरावा लागतो. प्लास्टिक आत नेऊ नये. गावातील माणसाच्या घरी उतरावे, तेथेच जेवावे आणि त्याच्याकडून वन समजून घ्यावे.

सहलीनंतर आम्ही वर्गात निबंध लिहून घेतला. त्या हिरमुसलेल्या विद्यार्थ्याने त्यात लिहिले होते, "पुढच्या वेळी मी आधी तिच्या गावाला जाईन." त्या निबंधास आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.