*आजचा सल्ला : उन्हाळी भुईमूग किती एकर? धरणाचे टक्के नाही, विहीर मोजा*



"पवना भरलंय, यंदा पाण्याची चिंता नाही" असं बरेच जण म्हणतात. पण पवनेचं पाणी वेगळ्या खोऱ्यातलं. साडेआठ टीएमसीचं ते धरण मुख्यतः पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. आपल्या सुदुंबऱ्याला आधार सुधा नदीचा, आणि सुधेवर वरच्या अंगाला आहे ते जाधववाडीचं धरण. बातमी बघायची तर त्याची बघा.

त्यातही दोन गोष्टी लक्षात ठेवा :
▪️ टक्के सांगतात ते उपयुक्त साठ्याचे. त्यातून पिण्याचं पाणी आधी राखतात, उन्हाने बाष्पीभवन होतं ते वेगळंच.
▪️ नदीत, बंधाऱ्यात पाणी आहे तोवर काठच्या विहिरींना पाझर मिळतो. नदी आटली की विहीरही खाली जाते.

म्हणून पेरणीआधी एवढं कराच 👇

*१)* मोटारीचा पाइप २०० लिटरच्या ड्रममध्ये सोडा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ४० सेकंद लागले तर तासाला १८,००० लिटर.

*२)* एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण १ लाख लिटर. भुईमुगाची एक पाळी अडीच इंचांची धरली, तर या मोटारीला एकरी १४ तास लागतील.

*३)* आज विहीर रोज ६ तास चालते, म्हणजे १० दिवसांत ६० तास. हिशोब ४ एकरांचा बसतो. पण एप्रिलमध्ये तीच विहीर ३ तासांवर आली, तर भिजणार फक्त २ एकर!

आणि एप्रिलमध्येच शेंगा भरत असतात. तेव्हा ताण पडला तर बी, खत, मजुरी सगळंच अंगावर येतं.

✅ *सल्ला :* मागच्या एप्रिलमध्ये विहीर किती तास चालली ते आठवा आणि तेवढंच क्षेत्र धरा. जास्त करायचंच असेल तर तुषार किंवा ठिबकवर करा. पाटात मुरणारं पाणी वाचतं.

ड्रम भरायला लागलेले सेकंद आणि विहीर चालण्याचे तास याच नंबरवर पाठवा, तुमचा हिशोब करून देतो.

– तुमचा कृषी सल्लागार