बॅटरी विकत की भाड्याने?

चंद्रपूर-गडचिरोली मार्गावर धंदा करणाऱ्या व्यापारी बांधवांनी विजेची मोटार घेण्यापूर्वी हा हिशेब करावा. २०२४ साली एमजी विंडसर बाजारात आली, तेव्हा सर्वांत स्वस्त मॉडेलची शोरूम किंमत बॅटरीसह १३.५० लाख रुपये होती. बॅटरीविना ९.९९ लाख व बॅटरीभाडे किलोमीटरला ३.५० रुपये. फरक साडेतीन लाखांचा. तो एक लाख किलोमीटरमध्ये फिटतो. चंद्रपूर-गडचिरोली जाऊन-येऊन सुमारे १६० किलोमीटर. रोज फेरी करणाऱ्याचे लाख किलोमीटर दोनेक वर्षांत भरतात. पुढचे भाडे जादाच. चार्जिंगचा खर्च वेगळा.

शरीअतमध्ये इजारा, म्हणजे भाडेकरार, जायज आहे. पण वस्तू ज्याची, जोखीम त्याची. नाव भाड्याचे आणि आत व्याजी कर्ज असेल, तर ते व्याजच. सहीपूर्वी विचारा : बॅटरी कोणाच्या मालकीची? बिघडल्यास खर्च कोणाचा?