चुंबक चिकटला, म्हणून काय कळले?

तुळशीबागेत स्टीलचा डबा घेताना चुंबक लावून बघणारे गिऱ्हाईक आणि भोसरीच्या शेडमध्ये उतरलेल्या बारला चुंबक लावणारा स्टोअरवाला, दोघांचा हिशेब एकच: चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर अस्सल. या हिशेबावर विसंबून हात पोळलेल्यांत मीही आहे. ३०४ पुरतासुद्धा तो अर्धाच खरा आहे. ३०४ मधल्या ८ टक्के निकेलमुळे त्याची रचना ऑस्टेनाइटची राहते आणि चुंबक त्याला धरत नाही. पण तोच पत्रा दाबून ओढला की काठाशी थोडे मार्टेन्साइट तयार होते आणि तिथे चुंबक हलकीशी ओढ घेतो. उलट, निकेल कमी करून मँगेनीज घातलेल्या स्वस्त २०२ ला तो बिनदिक्कत ३०४ म्हणून पास करतो.

पंपाच्या शाफ्टला आणि व्हॉल्व्हच्या स्टेमला लागणारे १७-४ पीएच घ्या. त्यात १५ ते १७.५ टक्के क्रोमियम, ३ ते ५ टक्के निकेल आणि तितकेच तांबे. १०४० अंश सेल्सिअसवरून ते थंड होताना १३० च्या सुमारास मार्टेन्साइट होऊ लागते आणि ३२ च्या खाली आल्यावर बदल पुरा होतो. म्हणजे एजिंगच्या, अर्थात ताकदीसाठी भट्टीत पुन्हा तापवण्याच्या, आधीच ते चुंबकाला घट्ट धरते. (मे महिन्याच्या दुपारी आपल्या शेडमधली हवाच ३२ च्या वर असते, हाताला सोसला म्हणून जॉब लगेच एजिंगला लावू नये.) पुढे एजिंगमध्ये तांब्याचे अतिसूक्ष्म कण पोलादात जागोजाग सुटतात आणि ताकद येते ती त्यांच्यामुळे. हे कण चुंबकाच्या गावीही नसतात. एच ९०० या एजिंगच्या कंडिशनला किमान ४० एचआरसी कडकपणा मिळतो, एच ११५० ला किमान २८. चुंबक दोन्हींना सारखाच चिकटतो, आणि एजिंग न केलेल्या बारलाही. जाता जाता, हे ९०० फॅरनहाइट आहेत; भट्टी ४८२ सेल्सिअसवर लावायची. ९०० सेल्सिअसवर लावली तर तो जॉब गेलाच समजा.

यावर कोणी म्हणेल, मग पीएमआयची गन आहे ना. आहे, पण ती क्रोमियम, निकेल, तांबे किती ते सांगते. ग्रेडची खात्री होते, भट्टीची नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कडकपणा मोजला की झाले. एच ९०० साठी हे बव्हंशी चालते. पण एच १०२५ ची किमान अट ३५ एचआरसी आहे आणि एजिंग न केलेल्या मालाची कमाल मर्यादा ३८. म्हणजे भट्टीचे तोंडही न पाहिलेला शाफ्ट ३६ दाखवून तपासणीतून सुखरूप सुटू शकतो. कागदावर तो पास असतो. प्रत्यक्षात न तापवलेले हे मार्टेन्साइट ठिसूळपणाकडे झुकलेले असते आणि क्षारयुक्त पाण्यात, ताणाखाली तडकण्याचा धोका त्याला जास्त. म्हणून १७-४ पीएच एजिंग न करता वापरूच नये. हवेच्या भट्टीतून आलेल्या जॉबवर सोनेरी-तपकिरी झाक असते खरी, पण ग्राइंडिंगचा एक हात फिरला की हा पुरावाही पुसला जातो.

चुंबक फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. १७-७ पीएच मध्ये तो खरोखर बोलतो: ॲनील केलेल्या पत्र्याला जेमतेम धरतो, हीट ट्रीटमेंट पुरी झाली की घट्ट. ए-२८६ एजिंगनंतरही चुंबकाला दाद देत नाही, म्हणजे तिथे न चिकटणे हीच बरोबर खूण. एकच चुंबक तीन पीएच स्टीलांत तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. कोणते पोलाद हातात आहे ते आधी ठाऊक असेल, तरच त्याच्या बोलण्याला अर्थ.

तेव्हा पुढच्या ऑर्डरवर नुसते ‘१७-४ पीएच’ लिहून थांबू नका, शेजारी कंडिशन लिहा. माल आला की टेस्ट सर्टिफिकेटवरचा (टीसी) हीट नंबर बारवरच्या पंचाशी ताडून बघा, आणि हीट ट्रीटमेंटवाल्याकडून त्या बॅचचा तापमान-वेळेचा ग्राफ हातात पडल्याशिवाय चलनावर सही करू नका.