हृच्छूल : चाचणीची निवड

विश्रांतीतील ईसीजी प्राकृत आला म्हणून वैद्याने निश्चिंत होऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. हृदयाचा रक्तपुरवठा बहुधा श्रमकाळीच अपुरा पडतो. म्हणून स्ट्रेस टेस्टमध्ये चालत्या पट्ट्याचा वेग व चढ दर 3 मिनिटांनी वाढवितात. एसटी रेषा 1 मिलिमीटर वा अधिक, आडवी किंवा उतरती खाली गेल्यास चाचणी पॉझिटिव्ह मानतात. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक असल्यास हा निकष विश्वसनीय नसतो. तेथे औषध देऊन केलेला थॅलियम स्कॅन उपयुक्त ठरतो. चालू न शकणाऱ्यांसाठी डोब्युटामिन स्ट्रेस इको करता येते.

मात्र विश्रांतीतही छातीत दाब व घाम असल्यास स्ट्रेस टेस्ट वर्ज्य समजावी. अशा रुग्णास आम्लपित्ताचे चूर्ण देऊन परत पाठवू नये. 10 मिनिटांच्या आत ईसीजी काढावा आणि तत्काळ रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही हे ध्यानी ठेवावे.