जुनी मोटारसायकल घेताना अंग सांभाळा

रविवारी विहारात आरोग्य तपासणी असते. रक्तदाब, साखर मोजून झाली की कामावर जाणारी मुले मागे रेंगाळतात. तक्रार बहुधा एकच असते : "ताई, कंबर धरते. हाताला मुंग्या येतात." आम्ही विचारतो, कामावर कशाने जाता? "गाडीने. बुटीबोरीला, एमआयडीसीत. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर." गाडी नवी की जुनी? "जुनीच घेतली, मागच्या उन्हाळ्यात."

बसची वेळ आणि शिफ्टची वेळ जुळत नाही, म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या गावांतून अनेक जण असे रोज गाडी मारतात. जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. पण ती कशी निवडायची, हा आम्ही आरोग्याचाच प्रश्न मानतो. हाडांच्या वॉर्डात ड्युटीला असताना एक तेवीस वर्षांचा मुलगा आला होता. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी, नवा रंग, नवे स्टिकर, आणि पुढचा टायर गुळगुळीत. पहिल्या पावसात गाडी घसरली. मांडीचे हाड मोडले, रॉड टाकला, सहा महिने काम बंद. घरात कमावणारा तो एकटाच होता. रंगावर गेलेले पैसे टायरवर गेले असते तर तो कदाचित वॉर्डात आलाच नसता.

आधी हिशेब

रोज शंभर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला २,५०० आणि वर्षाला ३०,००० किलोमीटर. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला महिन्याला सुमारे ४२ लिटर पेट्रोल लागते, ४५ देणारीला ५६. दर महिन्याला चौदा लिटरचा फरक पडतो. म्हणून १०० ते १२५ सीसीची साधी गाडी बरी. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन अशा गाड्यांचे सामान तालुक्याच्या गावीही मिळते आणि त्या उघडता येणारा मिस्त्रीही मिळतो. शक्यतो एप्रिल २०१९ नंतरची गाडी पाहा. तेव्हापासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी यंत्रणा आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचे झाले.

अंगाला बसते का?

गाडीवर बसा. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहावे, पाठ ताठ पण सैल असावी. पुढे ओणवे बसवणारी गाडी दिसायला छान असते, पण सगळा भार मनगटावर आणि मानेवर येतो. सीट रुंद आणि सपाट हवी. मागे घरची बाई साडी नेसून बसणार असेल तर साडीगार्ड आणि धरायला दांडी आहे ना, तेही पाहा.

मग अर्धा तास चालवून पाहा, खराब रस्त्यावरसुद्धा. मागचे शॉकअप बसलेले असतील तर प्रत्येक खड्डा थेट मणक्याला लागतो. हँडल थरथरत असेल तर बोटांना मुंग्या येणारच. अर्ध्या तासात जे दुखते ते रोजच्या तीन तासांत किती दुखेल, याचा विचार करा.

मिस्त्रीला सोबत न्या, पण एवढे स्वतः पाहा

सकाळी जा. विकणाऱ्याला गाडी आधी सुरू करू नका म्हणून सांगा आणि इंजिनला हात लावून थंड आहे याची खात्री करा. थंड इंजिन सहज सुरू झाले पाहिजे. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. ती गाडी सोडून द्या.

मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक उचला आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवा. मध्येच अडकत असेल तर कोनसेट गेला आहे. पुढच्या फोर्कवर ऑइलचा ओघळ नको. चेसीवर वेल्डिंगच्या खुणा किंवा एकाच जागी ताजा रंग दिसला तर गाडी कुठेतरी जोरात आदळलेली असू शकते. चेनच्या चक्राचे दात अणकुचीदार झाले असतील तर चेन-सेट बदलावा लागेल.

टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही.

मीटरवर विसंबू नका. मीटर २०,००० दाखवते आणि गिअरचे, पायदानाचे रबर झिजून गेले आहे, तर मीटर खोटे बोलते आहे.

कागद

आरसीवरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि तीस दिवसांत आरटीओत गाडी स्वतःच्या नावावर करा. विमा चौदा दिवसांत नावावर करायला द्या. विम्यात मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण असते, पण ते नोंदलेल्या मालकासाठी. गाडी दुसऱ्याच्या नावावर चालवताना तुमचे बरेवाईट झाले, तर घरच्यांच्या हाती काही लागत नाही.

सगळे पैसे गाडीत घालू नका

चाळीस हजार जमवले असतील तर चौतीसचीच गाडी पाहा. उरलेल्यातून टायर, ब्रेक-शू, चेन-सेट आणि हेल्मेट घ्या. विकणारा जुने हेल्मेट फुकट देतो, ते वापरू नका. एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला थर दबलेला असतो आणि ते बाहेरून कळत नाही. आयएसआय शिक्क्याचे नवे हेल्मेट घ्या, मागे बसणाऱ्यालाही.

गाडी घेतल्यावर

पाऊण तासाने थांबा, उतरा, कंबर मागे ताणा, पाणी प्या. रात्रपाळीहून येताना डोळे मिटू लागले तर रस्त्यालगत सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे झोपा. घरी उशिरा पोचाल, पण पोचाल. कंबरेची कळ पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ही यादी गाडी पाहायला जाताना खिशात ठेवा. विकणारा घाई करेल, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे म्हणेल. म्हणू द्या. गाडी दुसरी मिळते.