खोक्याला साजेसा वूफर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सबवूफरसाठी वूफर मागितला, की दुकानदार तो उलटा करून आधी मॅग्नेट दाखवतो. "डबल मॅग्नेट आहे साहेब, उचलून तर बघा." उचलून बघायला हरकत नाही, पण तेवढ्यावर पैसे मोजू नका. मॅग्नेट जितका जोरकस, तितका कोन घट्ट धरला जातो, आणि बंद खोक्यात असा वूफर खालचे सूर उलट लवकर सोडतो. होम थिएटरला लागतात ते नेमके हेच खालचे सूर. ५.१ मधला '.१' म्हणजे १२० हर्ट्झच्या खालच्या आवाजांसाठी राखलेला वेगळा चॅनेल. स्फोट, गडगडाट, इमारत कोसळणं हे सगळं त्यात येतं. म्हणून निवड उलट्या टोकाकडून करायची: जागा, खोकं, आणि मग वूफर.

१. जागा मोजा

टीव्ही युनिटच्या बाजूचा कोपरा असो की सोफ्यामागची फट, घरातून जिथे परवानगी मिळेल तिथली लांबी, रुंदी, उंची टेपने घ्या. समजा बाहेरून १५ × १५ × १८ इंचांचं खोकं बसतंय. १८ मिलिमीटरच्या प्लायची जाडी वजा केली की आत साधारण ५० लिटर उरतात. वूफरचा मागचा भाग आणि आतल्या आडव्या पट्ट्या यांचे पाचेक लिटर सोडा. हाती राहिले ४५. पुढचा सगळा हिशेब या ४५ लिटरवर चालेल.

इथेच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. लहान खोकं, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आहे. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातला 'एच' त्यांचाच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिल्या दोन गोष्टी घ्याव्यात आणि तिसरीची भरपाई अँप्लिफायरकडून करून घ्यावी. वॉट आता स्वस्त झालेत, चौरस फूट नाहीत.

२. बंद की पोर्टचं, ते ठरवा

पहिल्यांदाच बांधत असाल तर बंद खोकं करा. पोर्टच्या, म्हणजे हवेची नळी बसवलेल्या खोक्यातून खालचा आवाज जास्त मिळतो हे खरं, पण पोर्टच्या सुरापेक्षा खाली गेलं की कोनला मागच्या हवेचा आधार राहत नाही. तिथे सबसॉनिक फिल्टर नसेल तर एखाद्या दणक्यात कॉइल ठोकली जाते. पोर्टच करायचा असेल तर क्यूटीएस (हा आकडा पुढच्याच पायरीत येतो) ०.३ ते ०.४ असलेला वूफर घ्या आणि विनआयएसडी या मोफत सॉफ्टवेअरवर पोर्टची लांबी काढल्याशिवाय प्लायला करवत लावू नका. पुढचं सगळं बंद खोक्यासाठी आहे.

३. मॅग्नेट राहू द्या, कागद मागा

चार आकडे हवेत. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत वूफर स्वतःहून ज्या सुरावर डोलतो तो. क्यूटीएस सांगतो, ते डोलणं किती लवकर आवरलं जातं. व्हीएएस म्हणजे त्याच्या सस्पेन्शनइतकी लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये. एक्समॅक्स म्हणजे कोन एका दिशेला सरळ चालीने किती मिलिमीटर जातो ते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी ही मांडणी केली, म्हणून हे आकडे थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात. पेटीवर फक्त 'पीएमपीओ' वॉट छापले असतील तर ती पेटी परत फळीवर जाऊ द्या.

४. एकाच खोक्यात तिघांना बसवून बघा

गणित कॅल्क्युलेटरवर होतं. व्हीएएसला खोक्याच्या लिटरांनी भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा. हा गुणक झाला. त्याने क्यूटीएसला गुणलं की खोक्यातला क्यू येतो; तो ०.७ च्या आसपास हवा, ०.८ पर्यंत चालेल. त्याच गुणकाने एफएसला गुणलं की खोक्यातला सूर येतो. त्याच्या खाली आवाज उतरू लागतो.

बाजारात तीन प्रकारचे १२ इंची वूफर भेटतात. आकडे नमुन्याचे आहेत, पण प्रत्येक जातीची चाल त्यातून कळते.

डीजेचा वूफर: एफएस ४५, क्यूटीएस ०.३, व्हीएएस १००. आपल्या ४५ लिटरमध्ये गुणक १.८, क्यू ०.५४, सूर ८१ हर्ट्झ. म्हणजे जिथे सबवूफरचं काम सुरू व्हायचं तिथेच हा रजा घेतो. मिरवणुकीत छाती दणाणते ती याच जातीमुळे, पण ती ताकद ६० ते १०० हर्ट्झमधली असते.

गाडीचा सबवूफर: एफएस ३२, क्यूटीएस ०.६, व्हीएएस ६०. गुणक १.५३, क्यू ०.९२, सूर ४९. खोल जातो, पण या सुराजवळ जरा फुगतो आणि बास थोडा रेंगाळतो. क्यू ०.७ वर आणायचा तर दीडशे लिटरचं खोकं लागेल. आत पॉलिएस्टरचा कापूस सैल भरला तर फुगवटा थोडा कमी होतो. सहज मिळतो आणि खिशाला झेपतो, त्यामुळे बऱ्याच घरांत हाच बसतो. वाईट निवड नाही.

होम सबवूफरसाठी बनवलेला: एफएस २८, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ९०. गुणक १.७३, क्यू ०.७८, सूर ४८ च्या जरा वर. हाच घ्यावा. ४८ आकडा ऐकून निराश होऊ नका. बंद खोक्याचा उतार सौम्य असतो, आणि आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या बंद खोलीत सर्वांत खालचे सूर भिंतींमुळे उचलले जातात. उरलेली कसर इक्वलायझरने भरता येते, कोनची चाल पुरेशी असली तर.

५. चाल किती, ते बघा

सबवूफर हवा ढकलतो. किती ढकलतो तेच शेवटी मोजायचं. कोनचं क्षेत्रफळ गुणिले एक्समॅक्स. १० इंची होम वूफरचं क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस सेंटिमीटर धरा, चाल ९ मिलिमीटर: ०.३ लिटर. १२ इंची डीजे वूफरचं ५३० धरा, चाल ४ मिलिमीटर: ०.२१ लिटर. दिसायला लहान असलेला वूफर जास्त हवा हलवतो.

जमिनीवरच्या खोक्यातून १ लिटर हवा हलली तर २० हर्ट्झला एक मीटरवर साधारण १०० डेसिबल मिळतात. ०.३ लिटरला ९० मिळतील, आणि ४० हर्ट्झला तेवढ्याच चालीत १०२. सूर निम्म्यावर आला की तोच आवाज काढायला चौपट हवा लागते. त्यामुळे पैसे असतील तर एका महागड्या वूफरऐवजी मध्यम किमतीचे दोन घ्यावेत, दोन खोक्यांत, खोलीत दोन ठिकाणी. एका जागी घुमणारा आणि दुसऱ्या जागी गायब होणारा बास त्याने बराच सपाट होतो.

६. कागद नसेल तर घरी मोजा

बिनशिक्क्याचा किंवा जुना वूफर चांगला वाटला तर हे करा. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्ट दाखवणारा हवा. सर्वांत स्वस्त मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, तो इथे निरुपयोगी. फोनवर टोन जनरेटर, त्याला अँप्लिफायर, पुढे १००० ओहमचा रेझिस्टर. वूफरच्या जागी आधी १० ओहमचा रेझिस्टर लावून त्यावर १० मिलिव्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. आता एक मिलिव्होल्ट म्हणजे एक ओहम. त्यानंतर आवाजाच्या बटणाला हात लावू नका.

वूफर जोडा, मोकळ्या हवेत उभा धरा, १५ ते ८० हर्ट्झ हळूहळू फिरवा. मीटर जिथे सर्वाधिक दाखवेल तो एफएस. समजा २८ हर्ट्झला ३५ ओहम, आणि डीसी ओहम ३.५. गुणोत्तर १०, त्याचं वर्गमूळ ३.१६. डीसी ओहमला ३.१६ ने गुणा: ११. शिखराच्या दोन्ही बाजूंना मीटर ११ कुठे दाखवतो ते शोधा. १९.८ आणि ३९.५ मिळाले तर फरक १९.७. एफएसला फरक गुणिले ३.१६ ने भागा: क्यूटीएस ०.४५.

व्हीएएससाठी वूफर ३० लिटरच्या हवाबंद खोक्यावर घट्ट बसवून नवा सूर मोजा. तो ५६ आला तर ५६ भागिले २८ म्हणजे २. वर्ग ४, वजा १ म्हणजे ३. गुणिले ३० म्हणजे ९० लिटर.

७. ओहम जुळवा

४ ओहमच्या वूफरची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते, ते बरोबरच आहे. दोन कॉइलचा ४+४ ओहमचा वूफर ओळीने जोडला तर ८ होतो, समांतर जोडला तर २. तुमचा अँप्लिफायर किमान किती ओहम चालवतो ते वाचून मगच कॉइलची निवड करा. २ ओहम न सोसणारा अँप्लिफायर नेमका मोठ्या दणक्याला बंद पडतो.

८. काउंटरवरच तपासा

दोन्ही हातांची बोटं कोनवर समान अंतराने ठेवून हळूच दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, दुसरा मागा. सराऊंडच्या सांध्यावर बोट फिरवून बघा. जुन्या मालातला फोम नखाने भुरभुरतो, रबर टिकतं. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: प्लसला प्लस जोडल्यावर कोन पुढे यायला हवा. दोन घेत असाल तर दोघांचे कोन एकाच दिशेला हलतात ना ते बघा. पक्कं बिल घ्या. सुताराला भोकाचं माप कागदावरून देऊ नका, आणलेला वूफर समोर ठेवून, गॅस्केटसकट मोजून द्या.